एसी थंड करत नाही, पाणी गळतंय, ट्रिप होतोय? गॅस भरायच्या आधी हे बघा

एसीचा गॅस संपत नसतो. हे सगळ्यात आधी सांगतो कारण जळगावात मी एसीचीच कामं करतो आणि उन्हाळा लागला की फोनवर पहिलं वाक्य हेच येतं, "गॅस संपलाय, भरून द्या". अहो तो काय पेट्रोल आहे का, एसी चालताना तो जळून जात नाही की झिजत नाही, तांब्याच्या बंद नळीत तोच तो गॅस फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या युनिटमधून हवेत सोडतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी लिक आहे, आणि लिक न शोधता भरला तर तोही त्याच वाटेने जाणार.

थंड करत नाही म्हटलं की आधी रिमोट बघा. बर्फाच्या चांदणीचं चिन्ह आहे का? घरात लहान पोरं असली की मोड फॅनवर नाहीतर ड्रायवर गेलेला असतो, हे खूप वेळा निघतं. मग समोरचं झाकण उचलून जाळ्या काढा, नळाखाली मागच्या बाजूने पाणी सोडून धुवा म्हणजे धूळ उलटी बाहेर पडते, आणि सावलीत वाळवा, उन्हात ठेवल्या तर फ्रेम वाकडी होते न मग नीट बसत नाही. आमच्याकडच्या धुळीत सीझनला दर पंधरा दिवसांनी हे करावंच लागतं, रस्त्यालगतचं घर असेल तर त्याही आधी.

त्यानंतर आउटडोअर युनिट. लोक इथंच मार खातात. चोरी नको म्हणून पेटीसारखी ग्रिल करतात, पावसाचं पाणी नको म्हणून वरून पत्रा, पुढे कपडे वाळत, कुणी तर बंद बाल्कनीत बसवून मोकळं होतं. मग बाहेर फेकलेली गरम हवा तोच परत ओढतो. समोर हात धरून बघा, हवा जोरात आणि गरम यायला पाहिजे. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असताना त्याला त्याच हवेत उष्णता टाकायचीय, त्यामुळे दुपारी वरच्या मजल्यावर स्लॅबखाली खोली हळू गार होते, तो बिघाड नाही. १ टन म्हणजे तासाला १२ हजार बीटीयू, खोलीत त्याहून जास्त उष्णता शिरत असेल तर एसी रात्रंदिवस चालूनही पुरा पडत नाही. आणि कृपा करून एसी आणि कूलर एकत्र लावू नका, कूलर खोलीत ओलावा भरतो आणि एसीची ताकद तो काढण्यातच जाते.

पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर साधा थर्मामीटर घेऊन खोलीतलं युनिट जिथून हवा ओढतं तिथलं आणि जिथून गार हवा सोडतं तिथलं तापमान मोजा. ८ ते १२ डिग्रीचा फरक येत असेल तर एसीचं काम नीट चाललंय, खोलीचं ऊन, पडदे, फटी बघा.

कॉइलवर, म्हणजे जाळीमागच्या तांब्याच्या नळ्यांच्या वेटोळ्यावर, बर्फ जमला असेल तर खरवडू नका, तिच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या नाजूक असतात आणि नळीला भोक पडलं तर मोठा खर्च बसतो. कूलिंग बंद करून फॅन मोडवर ठेवा, वितळू द्या. कारणं बहुतेक दोनच, जाळी किंवा ब्लोअर (आतला पंखा) घाण झाल्यामुळे हवा कमी जातेय किंवा खरंच गॅस कमी आहे. म्हणून आधी सफाई, आणि तरी बर्फ आला तरच लिकचा संशय.

पाणी गळायचं प्रकरण मुंबईकडे जास्त. माझी ताई डोंबिवलीला असते, तिकडच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. तिच्याकडे भिंतीवरून धार लागलेली आणि एकाने चक्क कॉइल बदलायला सांगितलेलं, मी गेलो तर ड्रेन पाइपात शेवाळाचा बुळबुळीत गोळा निघाला, बाहेरच्या टोकाने फुंकणी मारली आणि सुटला. पाइपाला सलग उतार पाहिजे, मध्ये पोट आलं किंवा टोक बादलीतल्या पाण्यात बुडालं तरी पाणी उलटं घरात येतं. कुबट वास येत असेल तर बंद करायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं फॅनवर चालवा, कॉइल वाळते.

आत वारा येतोय पण थंड नाही आणि बाहेरचा पंखा फिरत नाही किंवा नुसतं घुर्रर्र करून बंद पडतो, तर साध्या एसीत बऱ्याचदा कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा पार्ट, गेलेला असतो. पार्ट स्वस्त आहे पण स्वतः हात घालू नका, मेन बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो न जोरात झटका बसतो. इन्व्हर्टर एसीत पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बघावा लागतो, पाल आत शिरून शॉर्ट झालेले बोर्ड मी कितीतरी काढलेत. लाइट जाऊन आली की कॉम्प्रेसर साधारण ३ मिनिटं उशिरा सुरू होतो, ते मुद्दामच ठेवलेलं असतं, तेवढ्यात रिमोट आपटू नका.

एमसीबी (मेन बोर्डावरचा ट्रिप होणारा स्विच) पडत असेल तर मोठा एमसीबी टाकून मोकळं होऊ नका!! वायर जळेल. प्लगला हात लावून बघा, तापलाय, काळा पडलाय, वास येतोय तर आधी तो आणि सॉकेट बदला. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तिथं स्टॅबिलायझर लागतोच.

एवढं सगळं बघून गॅसच कमी निघाला तर कारागिरासमोर उभं राहा. नळीच्या जोडांवर, विशेषतः फ्लेअर नटवर (नळी युनिटला आवळणारा पितळी नट) तेलकट डाग असतो, तिथं साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात. बारीक लिक असेल तर नायट्रोजन भरून प्रेशर धरून बघायचं. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे, नाहीतर आतला ओलावा तेलाबरोबर मिळून कॉम्प्रेसर खातो. आणि गॅस वजनकाट्यावर, आउटडोअरच्या पट्टीवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच, अंदाजाने नाही. हल्लीच्या बऱ्याच एसीत आर३२ नावाचा गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे आत गॅस असताना कुणी नळी जोडायची ब्रेझिंगची टॉर्च पेटवत असेल तर सरळ थांबवा.

नाल्याजवळ घर असेल तर गटाराच्या वायूने तांबं काळं पडून इनडोअर कॉइलला बारीक भोकं पडतात. अशा कॉइलला एका जागी डाग देऊन भागत नाही, दुसरीकडून फुटते. तिथं कॉइलच बदला, पण पैसे द्यायच्या आधी वॉरंटी कार्ड काढून कॉइलची वॉरंटी वेगळी दिलीय का ते वाचा.