घरात घाम काढणारे गेम: आधी सेन्सर कुठे आहे ते बघा

मुलगी आठवडाभर डान्स गेम खेळतेय, गुणही भरपूर मिळतायत, पण दम एकदाही लागलेला नाही. असं दिसलं तर तिला रागावू नका. 'जस्ट डान्स' हा डान्स गेम फोन किंवा जॉय-कॉन (निन्टेंडो स्विच या गेम कन्सोलचा छोटा कंट्रोलर) उजव्या हातात धरून खेळतात, त्यामुळे गेमला कळतो तो फक्त हात. पाय हलले की नाही, याचा त्याला पत्ताच नसतो. मुलं हे दोन दिवसांत ओळखतात आणि सोफ्यावर बसून हात फिरवतात. म्हणून गेम घेण्याआधी एवढंच विचारा: हालचाल टिपणारा सेन्सर शरीराला कुठे लागतो?

पायांना काम द्यायचं असेल तर निन्टेंडो स्विचवरचा 'रिंग फिट ॲडव्हेंचर' (२०१९) घ्या. यात उजवा जॉय-कॉन गेमसोबतच्या, हातात धरायच्या रिंगमध्ये बसतो आणि डावा पट्ट्यात घालून डाव्या मांडीवर बांधायचा असतो. बसून राहिलं तर गेममधला खेळाडूही पुढे सरकत नाही.

आधी जागा करा. टीपॉय बाजूला घेऊन साधारण ६ बाय ६ फूट मोकळी ठेवा. हात वर करून पंखा लागत नाही ना, ते बघा. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून खेळू देऊ नका. सतरंजीही सरकते, रबरी तळाची मॅट बरी.

पट्टा घट्ट हवा, पण खाली एक बोट सरकलं पाहिजे. पाच-सात मिनिटांत गेम धावणं मोजेनासा झाला तर बहुतेक वेळा पट्टा गुडघ्याकडे घसरलेला असतो. सुळसुळीत ट्रॅक पँटवर हे हमखास होतं, सुती हाफ पँटवर क्वचितच. सुरुवातीला गेम वय, वजन आणि व्यायामाची सवय विचारतो. मुलं फुशारकीनं वरची पातळी निवडतात आणि दुसऱ्या दिवशी मांड्या धरून बसतात. पहिला आठवडा खालचीच ठेवा. फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल तर सेटिंग्जमधला शांत मोड लावा, मग धावण्याऐवजी गुडघे वाकवून पुढे जाता येतं आणि खालच्या बिऱ्हाडाची झोपमोड होत नाही. गुडघेदुखी किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वेळ २० मिनिटं पुरे. खेळताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की जोर बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. म्हणजे उरलेली ४० मिनिटं मैदानावर किंवा सायकलवर जायला हवीत. पावसाळ्यात पुण्यात ते रोज जमत नाही, आणि या गेमची खरी किंमत त्याच दिवसांत कळते.

पाऊस उघडला की बाहेर चालत खेळायचा फोनवरचा गेम 'पोकेमॉन गो'. यातली अंडी २, ५, १० किलोमीटर चालल्यावर उबतात. आईच्या स्कूटीवर मागे बसून चालत नाही, कारण वेग वाढला की गेम अंतर मोजणं थांबवतो. सेटिंग्जमध्ये 'ॲडव्हेंचर सिंक' सुरू करा. मग ॲप बंद असतानाही चाललेलं अंतर धरलं जातं आणि तळजाई किंवा वेताळ टेकडी चढताना फोन खिशात ठेवता येतो. मुलांना हे बजावून सांगा: रस्ता ओलांडताना आणि टेकडी उतरताना फोन बाहेर काढायचा नाही.