जुन्या संगणकावर हलके लिनक्स: आधी चाचणी, मग स्थापना

विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा सुधारणा मिळणे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी त्यावर चालणारा जुना संगणक लगेच भंगारात देण्याची गरज नाही; त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) टाकता येते. मात्र मालवण-देवगडसारख्या किनारी गावांत खारी, दमट हवा धातूचे भाग गंजवते; म्हणून आधी वीजजोडणी काढून रॅमची (तात्पुरत्या स्मृतीची) पट्टी बाहेर घ्यावी, तिची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच घासावीत, कण झटकावेत आणि ती पुन्हा घट्ट बसवावी. मदरबोर्डवरील (मुख्य सर्किट-पाटीवरील) घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेलही तपासावा, कारण तो संपलेला असल्यास तारीख चुकते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत.

प्रोसेसर ६४-बिट असेल तर लुबुंटू हे हलके लिनक्स निवडावे. २०१९ पासून त्याची ३२-बिट (जुन्या प्रोसेसरांसाठीची) आवृत्ती निघत नाही. रुफस या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लुबुंटूची आयएसओ (स्थापनेची संपूर्ण फाइल) उतरवावी, पेनड्राइव्हवरूनच संगणक सुरू करावा आणि स्थापना न करता वाय-फाय, आवाज व प्रिंटर तपासावेत. माझ्या मते ही चाचणी कधीही टाळू नये. समाधान झाल्यावर फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी आणि पावसाळ्यात वीज मध्येच जाते हे ध्यानात घेऊन, यूपीएस जोडूनच स्थापना सुरू करावी.