वायंडिंगवाल्या मेस्त्रींचं आयुष्य लिहून काढताना

'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन विवाहित चिरंजीव, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन सोमवारी सकाळी.' बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठलंही गाव घ्या, निधनवार्ता याच साच्यात छापून येते. माणसाने चाळीस वर्षं शेतकऱ्यांच्या पाण्याच्या जळक्या मोटारी भरल्या, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून दिली, याला त्यात जागा नसते. वर्षश्राद्धाला सोळा पानांची पुस्तिका काढली तर ती जागा मिळते. पण 'मनमिळाऊ, कष्टाळू, परोपकारी' असं लिहून सोळा पानं भरत नाहीत. ती भरतात दुकानातल्या वस्तूंनी, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

दुकान आवरायच्या आधी फोटो काढा. बाराव्याच्या गडबडीत कुणीतरी भंगारवाल्याला बोलावतो आणि अर्धं आयुष्य किलोवर जातं. दारातून आत जाताना दिसतं त्या क्रमाने, एकही वस्तू न हलवता फोटो घ्यायचे. गल्ला, देव्हारा, कॅलेंडर, भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले आकडे, सगळं यायला हवं. मग एकेक हत्यार जवळून. कॉइल गुंडाळायचे लाकडी फर्मे तर नक्कीच ठेवा, त्यांवर बहुतेक वेळा मोटारीचा एचपी (ताकद) आणि कंपनी लिहिलेली असते.

सगळ्यात मोलाची असते वायंडिंगची वही. मोटर आली की जुनी कॉइल कापून आधी टर्न (तारेचे वेढे) मोजायचे, तारेचं गेज (जाडी) बघायचं, पिच (कॉइल कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत जाते ते) टिपायची आणि मगच नवी भरायची. एका ओळीत एचपी, ३६ स्लॉट (खाचा), टर्न, गेज, पिच १-९, गावाचं नाव असं काही सापडेल. कोपऱ्यात 'दोन फेज जळाले' एवढंच लिहिलेलं असतं, पण त्यात पूर्ण निदान असतं. स्टार जोडणीच्या, म्हणजे तिन्ही फेजच्या कॉइलींचं एकेक टोक एकत्र बांधलेल्या, मोटारीचा एक फेज (विजेच्या तीन तारांपैकी एक) गेला आणि ती तशीच दोन फेजवर ओढत राहिली की त्या दोन फेजच्या कॉइली काळ्या पडतात, तिसऱ्याच्या शाबूत राहतात. मेस्त्री झाकण काढून नुसत्या नजरेने ते सांगायचे. असं एक पान फोटोसकट छापून खाली त्याचा अर्थ उलगडून सांगा. दहा विशेषणांपेक्षा हे चांगलं.

वह्यांना सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तो पिवळा पडून अक्षरंही घेऊन जातो. लॅमिनेशन तर नकोच. गंजलेल्या टाचण्या आणि रबर काढून मऊ ब्रशने धूळ झाडा. फोटो खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून. थर्मल कागदाच्या पावत्यांवरची अक्षरं उडून जातात, त्यांचे फोटो सर्वात आधी. फ्रेमच्या काचेला चिकटलेला जुना फोटो ओढून काढायचा नाही. काचेवरूनच, जरा तिरका धरून टिपावा. खानापूरकडच्या पावसात जमिनीवर ठेवलेल्या पेटीला बुरशी ठरलेली, म्हणून ती फळीवर ठेवा.

आता तारखा. बिलबुकावर साल नसलं तरी पत्ता बोलतो. 'मुंबई राज्य' असेल तर ते १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी छापलेलं. 'म्हैसूर राज्य' असेल तर त्यानंतरचं, १९७३ पर्यंतचं. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. हिशेब आण्यात असेल तर साधारण १ एप्रिल १९५७ पूर्वीचा. शके दिलं असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन असेल तर ७९. एक गफलत मात्र हमखास होते. छापलेलं पॅड संपेपर्यंत लोक वापरतात, त्यामुळे छपाईवरून आत लिहिलेल्या बिलाबद्दल 'याच्या आधीचं नाही' एवढंच ठरतं. 'दुकान १९६८ साली काढलं' असं घरातला एकजण सांगतो म्हणून छापू नका. एखादी वही, परवाना किंवा शेजारचा दुकानदार, दुसरा पुरावा हवाच.

माणसांना विचारताना 'ते कसे होते?' हा प्रश्न टाळा. 'देवमाणूस होते' यापलीकडे उत्तर येत नाही. हाताखाली शिकलेल्या पोराच्या हातात फर्मा द्या आणि विचारा, पहिलं काम काय दिलं? लेदरॉइड (खाचेत घालायचा जाड कागद) कापायला की बांबूच्या पट्ट्या तासायला? शिव्या कशावरून खाल्ल्या? शेतकऱ्याला विचारा, पीक वाळत असताना मोटर किती दिवसांत मिळाली, पैसे कधी दिले? मार्कंडेय, घटप्रभेच्या काठचं गिऱ्हाईक कानडीत बोलेल, तर बोलू द्या. 'बर्री, कुंदर्री' (या, बसा) हे मेस्त्रींचं स्वागत तसंच छापा आणि शेजारी अर्थ द्या. वही मराठीत आणि गिऱ्हाईक कानडीत, हेच तर इथलं दुकान. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव, गाव, तारीख मोठ्याने म्हणा. नाहीतर सहा महिन्यांनी आवाज कुणाचा, ते कळत नाही.

मेस्त्रीण बाईंना शेवटी नव्हे, आधी विचारा. पोरांचा डबा, रात्रीचा उधारीचा हिशेब, उन्हाळ्यात दारात बसलेल्यांना चहा, हे दुकानाचंच काम होतं.

उधारी किती बुडाली ते लिहा, कुणाची ते लिहू नका. दोषही थोडे येऊ द्या. मोटर 'उद्या देतो' म्हणून तिसऱ्या दिवशी देणारा माणूस गावाने पाहिलेला असतो. तो पुस्तिकेत नसेल तर बाकीच्यावरही विश्वास बसत नाही.

मधोमध टाचायची तर पानं चारच्या पटीत लागतात: सोळा पानांना ए-फोरचे चार कागद, अडीच-तीन हजार शब्द आणि दहाएक फोटो. प्रेसमध्ये युनिकोडचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात, म्हणून प्रूफ त्या बदलानंतरचंच तपासा. आडनावं आणि गावांची नावं दोघांनी वेगवेगळी वाचावीत.

एका प्रतीला मागे आठ कोरी पानं जोडून घ्या आणि ती दोरीला बांधलेल्या पेनासकट गल्ल्यावर ठेवा. मार्च-एप्रिलला व्होल्टेज घसरलं की जळक्या मोटारी घेऊन जुनी गिऱ्हाइकं येतीलच.