ख्रिस्ती महाकाव्यातील मोहाचे प्रसंग कसे वाचावेत

सतराव्या शतकातील इंग्रज कवी जॉन मिल्टनची 'पॅरडाइज लॉस्ट' (१६६७) आणि 'पॅरडाइज रिगेन्ड' (१६७१) ही महाकाव्ये शेजारी ठेवून वाचावीत, कारण पहिल्यात आदामाची सहचरी हव्वा, म्हणजे बायबलमधील पहिली स्त्री, सैतानाच्या बोलण्याला भुलून देवाने मना केलेले ज्ञानवृक्षाचे फळ खाते आणि दुसऱ्यात येशू त्याच सैतानापुढे ढळत नाही. सुरुवातीलाच पहिल्या काव्याचे सगळे सर्ग संपवण्याची घाई करू नये; नववा सर्ग मात्र सावकाश आणि शक्य तर मोठ्याने वाचावा.

त्या सर्गात ६७९ ते ७३२ या ओळींत सर्पाचे, म्हणजे सर्पाच्या रूपातील सैतानाचे, भाषण आहे आणि ७४५ ते ७७९ या ओळींत हव्वेचे स्वगत आहे. कागदाच्या एका बाजूला सर्पाचे मुद्दे आणि दुसऱ्या बाजूला हव्वेचे मुद्दे लिहून काढावेत. सर्प म्हणतो की आपण फळ खाल्ले तरी जिवंत आहोत, आणि ज्ञान चांगले असेल तर ते निषिद्ध का असावे. थोड्याच वेळात हव्वा हेच मुद्दे स्वतःला सुचल्यासारखे मांडते. मोहाची खरी जागा मला येथे दिसते, कारण फळाला हात लागण्यापूर्वीच दुसऱ्याची भाषा तिच्या तोंडी आलेली असते. दोन्ही भाषणांमधल्या ओळींत दुपार होते, भूक लागते आणि फळाचा वास येतो. त्या ओळी गाळू नयेत. झाडापाशी पोहोचताच हे फळ खाऊ नये ही देवाची आज्ञा हव्वेने स्वतः स्पष्ट शब्दांत सांगितलेली असते, म्हणून तिला अजाण समजण्याची चूक टाळावी. आदामाची गोष्ट वेगळी आहे: तो फसत नाही, तर हव्वेवाचून राहणे असह्य वाटल्याने जाणूनबुजून खातो.

'पॅरडाइज रिगेन्ड' चारच सर्गांचे असले तरी अनेकांना ते कोरडे वाटते, कारण मोहाला रंग असतो आणि नकार साधा असतो. येथे वाचकाला कान बदलावा लागतो. सैतान प्रथम खेडवळ वेशातला म्हातारा होऊन वाळवंटात उपाशी असलेल्या येशूकडे येतो आणि दगडांची भाकर केल्यास तुझा जीव वाचेल व आम्हा गरिबांनाही अन्न मिळेल असे सुचवतो; म्हणजे आमिष दयेच्या आवरणात येते. म्हणून प्रत्येक प्रस्तावात कोणता सद्गुण पुढे केला आहे, हे आधी शोधावे आणि मगच उत्तर वाचावे. पुढे, समोर अन्न आले तर खाणार नाहीस का, असे विचारल्यावर येशू उत्तरतो की ते देणारा कोण आहे यावर अवलंबून आहे. सैतानाने मांडलेल्या मेजवानीनंतर धन, पार्थिया (प्राचीन इराणी साम्राज्य), रोम आणि अथेन्सचे ज्ञान अशी आमिषे येत जातात. त्यांतील अथेन्सचा भाग दोनदा वाचावा, कारण ज्या ग्रीक विद्येवर मिल्टनचे स्वतःचे प्रेम होते, तीच तो येथे नाकारायला लावतो.

शेवटी मोहांचा क्रम तपासावा. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) मंदिराच्या शिखराचा, म्हणजे तेथून खाली उडी घे असे सैतान येशूला सांगतो तो, प्रसंग दुसरा आहे, तर लूकच्या शुभवर्तमानात तो शेवटचा आहे, आणि मिल्टन लूकचा क्रम घेतो. शिखरावर येशू देवाची परीक्षा पाहू नकोस एवढेच म्हणतो आणि उभा राहतो. त्यानंतर सैतान कोसळतो. ही दोन क्रियापदे मूळ इंग्रजीत शोधून त्यांच्या आसपासच्या ओळी मोठ्याने म्हणाव्यात, आणि मग नवव्या सर्गातल्या सर्पाच्या लांबलचक भाषणाकडे पुन्हा एकदा वळावे.