शुक्रवारी तीन सिनेमे लागले, बघायचा कुठला?

ट्रेलरवर जाऊ नका, त्यात सगळेच भारी दिसतात. बुकमायशोवर सांगलीतल्या सोमवार रात्रीच्या शोचा सीटचा नकाशा उघडा. रविवारी काहीही लावलं तरी गर्दी होते; सोमवारीही मागच्या रांगा भरलेल्या असतील तर लोक एकमेकांना सांगताहेत असं समजा. स्टार किती दिलेत ते मी तर बघतही नाही. पोरं बरोबर असतील तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघा. २०२४ पासून यूएमध्ये, म्हणजे पोरांनी आईवडिलांच्या सल्ल्याने बघायच्या सिनेमांत, ७+, १३+, १६+ असे वयोगट आहेत. लांबीही बघा, रात्रीचा पावणेतीन तासांचा शो सुटल्यावर तासगावला जायला गाडी कुठली मिळणार? मराठी सिनेमा मात्र सोमवारची वाट न बघता आधी उरका. पुढच्या शुक्रवारी तो बहुधा सकाळच्या शोला ढकललेला असतो, नाहीतर उतरलेला.