वाळवंटातलं पहिलं मल्टिपिच: सावलीवर विसंबून होणाऱ्या या चुका टाळा

मल्टिपिच म्हणजे एका दोराच्या लांबीत न संपणारी, ‘पिच’ नावाच्या टप्प्यांत करायची कड्याची चढाई. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, लास वेगासच्या पश्चिमेला रेड रॉक कॅन्यन आहे. तिथे पाइन क्रीकची दरी मेस्कालिटो नावाच्या भल्याथोरल्या सुळक्यापाशी येऊन दुभंगते. सुळक्याच्या उत्तर अंगाला डार्क शॅडोज हा ५.८ दर्जाचा मार्ग आहे (दर्जाचा आकडा वाढतो तशी चढाई अवघड होते). नावाप्रमाणेच तो सावलीत असतो आणि त्याच्या पायथ्याशी ओढा वाहतो. त्याच सुळक्याच्या दक्षिण अंगाला ५.६ दर्जाचा एक लोकप्रिय मार्ग आहे, तो उन्हात. डिसेंबरातल्या एखाद्या निरभ्र दुपारी दक्षिणेकडचे लोक पातळ शर्टात चढत असतात, तर उत्तरेकडे बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळणारा, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून उभा असतो. खडक एकच, तारीखही एकच, पण दोन्हीकडचा ऋतू वेगळा.

पहिल्या वाळवंटी सहलीचा बेत आखणारे बहुतेक जण दोन निर्णय घेतात. वाळवंट म्हणजे ऊन, म्हणून मार्ग सावलीतला हवा. पहिलीच खेप, म्हणून दर्जा सोपा हवा. दोन्ही निर्णय बरोबर आहेत. पण ‘सावली’ आणि ‘सोपा’ हे दोन शब्द मिळाले की पुढचा विचार थांबतो, आणि अडचणींची सुरुवात तिथेच होते.

सावली कुठली, हे पाहिलं पण कधीची ते पाहिलं नाही

मार्गाच्या वर्णनात ‘सावली’ असं लिहिलेलं असतं. ती सकाळची, दुपारची की दिवसभराची, हे आपण शोधायचं असतं. रेड रॉकचे मोठे कडे पूर्वेकडे तोंड करून उभे आहेत आणि दऱ्या त्यांच्यात पश्चिमेकडे आत शिरतात. त्यामुळे पूर्वाभिमुख भिंतीवर सकाळी थेट ऊन पडतं आणि दुपारी सावली येते. दरीच्या आतल्या उत्तराभिमुख भिंती हिवाळ्यात सूर्य जवळपास पाहतच नाहीत.

ऋतूचा फरक आकड्यात पाहिला की नीट कळतो. रेड रॉक साधारण ३६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ७७ अंश वर असतो, डिसेंबरात मात्र जेमतेम ३० अंश. म्हणजे उन्हाळ्यात जो कोपरा तापतो, तोच हिवाळ्यात समोरच्या कड्याच्या सावलीत बुडालेला असू शकतो. शिवाय उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, त्यामुळे उघड्यावरच्या उत्तराभिमुख भिंतीवरही सकाळ-संध्याकाळ ऊन येतं. जुलैमधला कुणाचा अनुभव नोव्हेंबरच्या बेतासाठी वापरू नका.

भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, समोर काय उभं आहे आणि आपण कोणत्या महिन्यात जातोय, या तीन गोष्टी नकाशावर एकत्र ठेवून पाहा. सूर्याची वाट दाखवणारी अ‍ॅप्स यासाठी उत्तम. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि सगळ्या तयारीत मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

मग मार्ग कोणता निवडायचा? ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिलच्या उबदार दिवसांत दिवसभर सावलीतला मार्ग घ्या. डिसेंबर-जानेवारीत पहिल्या खेपेला सावलीचा हट्ट सोडा आणि उन्हातला मार्ग निवडा. उन्हाळ्यात तिथला पारा चाळिशी सहज ओलांडतो. अशा दिवसांत सावलीतला मार्गसुद्धा पहिल्या सहलीसाठी नको, कारण भिंत सावलीत असली तरी तिच्यापर्यंतची पायवाट उघड्यावरून जाते.

घामेजलेल्या अंगाने थंड भिंतीवर चढलात

ही चूक मी स्वतः केली आहे. सकाळी पायवाटेवर पाठीवर ऊन होतं, खांद्यावर दोर आणि सामान. तासाभरात शर्ट चिंब भिजला. उकडतंय म्हणून जॅकेट पायथ्याशी सॅकमध्येच ठेवलं आणि चढायला लागलो. दुसऱ्या बिलेला, म्हणजे पिच संपल्यावर थांबून दोर सांभाळायच्या जागी, वारा सुटला आणि बोटं इतकी बधिर झाली की कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू फिरवताना डोळ्यांनी पाहून खात्री करावी लागत होती. चढणाऱ्याच्या अंगात ऊब असते. गारठतो तो बिले देणारा, आणि दोर त्याच्याच हातात असतो.

पायथ्याशी कोरडा शर्ट बदला. टोपी, पातळ हातमोजे आणि वारा अडवणारं जॅकेट दोघांनीही हार्नेसला (कमरेला बांधायच्या पट्ट्याला) अडकवून किंवा छोट्या सॅकमध्ये वर न्या. बिलेवर पोचल्यावर थंडी वाजायची वाट न पाहता आधी जॅकेट चढवा, मग दोर ओढायला घ्या.

सावलीची दुसरी फसवणूक पाण्याची. गारव्यात तहान लागत नाही, आणि कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे शरीरातलं पाणी कमी होतंय हे जाणवतच नाही. दिवसाला माणशी तीन ते चार लिटर धरा. त्यातलं दीड-दोन लिटर भिंतीवर न्या आणि प्रत्येक बिलेवर घोटभर प्या. डोकं दुखायला लागलं, साथीदार चिडचिडा झाला किंवा साधी गाठ चुकायला लागली, तर आधी पाणी आणि काहीतरी खारट द्या. पुढच्या पिचचं त्यानंतर बोला.

‘सोपा’ हा शब्द दर्ज्यावरून ठरवला

दर्जा फक्त सर्वांत अवघड हालचाल किती अवघड आहे ते सांगतो. दिवस किती लांब आहे, उतरायचं कुठून, वाट सापडणं किती कठीण, हे त्यात नसतं. रेड रॉकच्याच जूनिपर कॅन्यनमधला क्रिमझन क्रिसॅलिसही ५.८च्याच आसपासचा, पण नऊ पिचचा. चढून झाल्यावर त्याच रेषेवरून रॅपल करत, म्हणजे दोरावरून उतरत, खाली यावं लागतं, आणि त्या वेळी खालून दुसऱ्या जोड्या वर येत असतात. चार पिच चढून परत फिरता येणारा डार्क शॅडोज आणि हा मार्ग, दोन्हींच्या दर्ज्याचा आकडा जवळजवळ एकच, पण दिवस अगदी निराळे.

म्हणून हिशेब तासांत करा. नवख्या जोडीला एका पिचला बिलेची अदलाबदल धरून पाऊण ते एक तास लागतो. पाच पिचचे पाच तास. जाण्याचा एक तास, उतरून परत येण्याचे दोन. झाले आठ. डिसेंबरात तिथे दिवसाचा उजेड पावणेदहा तासांच्या आसपास असतो आणि सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. त्यातही कडे पश्चिमेला असल्याने दरीत संध्याकाळ त्याच्या बरीच आधी होते. पुढे एक संथ जोडी असली की उरलेला सगळा वेळ तिथेच संपतो.

पहिल्या दिवशी चार-पाच पिचच्या वर जाऊ नका. परत फिरण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवा. ती झाली की असाल तिथून खाली यायचं, माथा वीस मीटरवर असला तरी. हेडलॅम्प मात्र प्रत्येकाकडे स्वतःचा हवा. दोघांत एक अजिबात चालणार नाही.

पाऊस थांबला, ऊन पडलं, चला!

इथे मी सर्वांत कठोर आहे. रेड रॉकचा खडक अ‍ॅझ्टेक वालुकाश्म आहे. ज्युरासिक काळातल्या वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांचा तो दगड झाला. वाळूचे कण ज्याने एकमेकांना धरले आहेत ते बंधन पाण्याने सैल पडतं. ओला वालुकाश्म निसरडा होतो हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो ठिसूळ होतो. धरलेली कड हातात येते, भेगेत आधारासाठी बसवलेला कॅम (उघडझाप होणारं धातूचं साधन) ओढ बसताच खडक कुरतडत बाहेर येतो. पडणाऱ्याचा जीव धोक्यात येतो, आणि तुटलेली पकड पुढच्या प्रत्येक चढणाऱ्यासाठी कायमची गेलेली असते.

पावसानंतर तिथे २४ ते ७२ तास थांबण्याचा रिवाज आहे. सावलीचा मुद्दा इथे पुन्हा येतो. उन्हातली भिंत दिवसात वाळते, सावलीतली तितक्या वेळात वाळत नाही. वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते. म्हणजे सावलीतला मार्ग ठरवला असेल तर थांबण्याचे दिवसही जास्त धरायला हवेत. भिंतीच्या पायथ्याशी वाळू बोटांनी उकरून पाहा. वरचा थर काढल्यावर खाली ओलसर वाळू लागली तर त्या दिवशी चढाई नाही. असा दिवस आला तर जवळपासच्या चुनखडीच्या भिंतींवर चढता येतं, कारण चुनखडी पाण्याने तशी कमकुवत होत नाही. हा पर्यायी दिवस बेतातच लिहून ठेवा. विमानाचं तिकीट काढून आलेल्या माणसाला ऐनवेळी ‘नाही’ म्हणणं फार जड जातं.

दूरवरच्या पावसाने कोरड्या ओढ्यात अचानक लोंढा येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा. ओढ्याच्या पात्रात सॅक ठेवून वर चढू नका. हिवाळ्यात सावलीतल्या उतरणीच्या घळींत बर्फ साठून राहतं, तेव्हा उतरायची वाट उन्हातली आहे की सावलीतली, हेही पाहून ठेवा.

दोर अडकला

वाळवंटी वालुकाश्मात हे वारंवार घडतं. भिंतीवर पातळ पापुद्रे, भोकं, भेगा आणि त्यांत उगवलेली काटेरी झुडपं असतात. रॅपलनंतर दोर ओढला की दोन दोर जोडणारी गाठ कुठेतरी शिरून बसते. वारा असेल तर टाकलेला दोर आडवा उडून दुसऱ्याच भेगेत जातो.

टाळायचं असेल तर पहिला माणूस खाली पोचल्यावर त्याने दोर थोडा ओढून पाहावा, शेवटचा माणूस वर असतानाच. हलत नसेल तर वरचा माणूस गाठ कडेच्या खाली आणू शकतो. वाऱ्यात दोर फेकू नका, गुंडाळी हार्नेसला लटकवून उतरताना सोडत जा. दोन्ही टोकांना गाठी मारा, पण ओढण्याआधी त्या सोडायला विसरू नका.

तरीही अडकला तर? दोन्ही टोकं हातात असतील तर आधी बाजूला सरकून वेगळ्या कोनातून ओढा, दोरात लाट सोडून पाहा. नाहीच सुटला तर दोन्ही पदरांवर एकत्र प्रुसिक (भार पडला की दोराला घट्ट धरणारी दोरीची गाठ) बांधून वर जाता येतं. पण एक टोक वर निघून गेलं असेल, तर हातातल्या एकाच पदरावर भार टाकून वर चढू नका. तो वर कशात अडकलाय हे तुम्हाला दिसत नाही, आणि तो कधीही सुटू शकतो. खाली आलेला दोर पुरेसा असेल तर त्यावर बिले घेऊन, खडकात साधनं लावत रीतसर लीड करत वर जा. तेवढा दोर नसेल आणि खाली यायची दुसरी वाट नसेल, तर सुरक्षित अँकरला (खडकातल्या पक्क्या आधाराला) बांधून घ्या, गरम कपडे घाला आणि मदत मागवा. त्यासाठी फोन चार्ज केलेला असावा, आणि कोणत्या मार्गावर जातोय हे खाली कुणाला तरी सांगितलेलं असावं. प्रुसिक, चाकू आणि सोडून देता येईल अशी चार-पाच मीटर कॉर्ड (पातळ दोरी) नेहमी जवळ ठेवा.

दरीतल्या वाऱ्यात आवाज पोचत नाहीत. जमिनीवरच दोराच्या झटक्यांच्या खुणा ठरवून घ्या.

फाटकाचं घड्याळ विसरलात

रेड रॉकचे बरेच मार्ग १३ मैलांच्या एकेरी रस्त्यावरून गाठावे लागतात. त्या रस्त्याचं फाटक सकाळी ६ वाजता उघडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ते संध्याकाळी ५ ला बंद होतं, मार्च आणि ऑक्टोबरात ७ ला, एप्रिल ते सप्टेंबरात ८ ला. ऑक्टोबर ते मे या काळात सकाळी ८ ते संध्याकाळी ५ दरम्यान आत जायला वेळेचं आरक्षण लागतं. उशीर होईल असं वाटलं तर चढणाऱ्यांसाठी उशिरा बाहेर पडण्याचा परवाना असतो, तो आधी काढावा लागतो. नियम बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा. ब्लॅक व्हेल्व्हेट कॅन्यन या फाटकाच्या बाहेर आहे, हा तिथल्या मार्गांचा मोठा फायदा. फाटक बंद होईल या धास्तीने घाईत रॅपल करणं हे मला अंधारात रॅपल करण्याइतकंच वाईट वाटतं.

पावलं कुठे पडतात

चोल्ला निवडुंगाचा गोळा अंगाला चिकटला तर हाताने ओढू नका, तो हातालाही चिकटेल. कंगवा किंवा दोन काटक्या काट्यांखाली सरकवून तो उडवा. कंगवा सॅकमध्ये असू द्या.

आणि वाटेवरच्या काळसर, फुगीर, खरखरीत मातीवर पाय देऊ नका. ती जिवंत माती आहे. शैवाल, बुरशी आणि सूक्ष्मजीवांनी वाळू धरून ठेवलेली असते आणि एका बुटाने मोडलेला थर पुन्हा तयार व्हायला अनेक वर्षं लागतात. वळसा पडला तरी मळलेल्या पायवाटेने किंवा कोरड्या ओढ्याच्या पात्रातूनच चाला. कड्यांच्या बुडाशी जुनी खोदचित्रं दिसली तर लांबून पाहा, हात लावू नका, त्यांच्यावर चढू नका. शौचासाठी खास पिशव्या मिळतात, त्या न्या आणि भरलेली पिशवी परत आणा. कोरड्या वाळूत पुरलेलं लवकर कुजत नाही, आणि भिंतीच्या पायथ्याशी उद्या सकाळी दुसरी जोडी दोर उलगडायला बसणार असते.