पावसात गाडीच्या काचेवर पाणी थांबू नये म्हणून काय करायचं

पावसाळा सुरू व्हायच्या आधीच हे करून घ्या, कारण ताम्हिणीत नाहीतर माळशेजला धो धो पावसात अडकल्यावर काही करता येत नाही. रेन-एक्ससारखं लिक्विड मिळतं, त्यात सिलिकॉन असतं आणि त्याने पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होतात आणि वाऱ्याने उडून जातात.

खरी मेहनत काच साफ करण्यात आहे. गाडीच्या शॅम्पूने धुवा, मग क्ले बारने (चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा) घासा, बोट फिरवल्यावर काच एकदम गुळगुळीत लागली पाहिजे, तेलकट थर राहिला तर लिक्विड धरतच नाही आणि लोक म्हणतात प्रॉडक्ट बोगस आहे. गाडी सावलीत, काच थंड आणि कोरडी. कापडावर थोडं घेऊन गोल गोल लावा, सुकून पांढरट झालं की ओल्या मायक्रोफायबरने पुसा. दोन हात द्याच. साइड मिरर अजिबात विसरू नका.

साधारण ६० च्या स्पीडला थेंब आपोआप पळतात, ट्रॅफिकमध्ये मात्र वायपर लागतोच. वायपर थरथरायला लागला तर रबर पुसा, जुनं असेल तर सरळ बदला. आतल्या बाजूला हे लावू नका, वाफेसाठी एसी चालू ठेवा.